शब्दांशीं प्रामाणिक राहिलेला शिक्षक
(हेन्री वॉट्सन फाउलर, १८५८–१९३३)

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें रजेचा अर्ज इंग्रजींत लिहून आणला. घरीं आईचें आजारपण होतें आणि धाकट्या भावंडांकडे पाहणारें दुसरें कोणी नव्हतें. ही हकीकत सांगून शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, 'अंडर द सर्कमस्टन्सेस' आपणांस दोन दिवसांची रजा मिळावी. परंतु 'अंडर' ह्या शब्दावर तांबड्या शाईची रेघ ओढून वर कोणीतरी 'इन' असें लिहिलेलें होतें. विचारतां कळलें कीं ती दुरुस्ती वडिलांची. सर्कमस्टन्सेस म्हणजे सभोंवारच्या गोष्टी. ज्या गोष्टी आपल्या भोंवतीं आहेत त्यांच्या खालीं आपण कसे असूं शकूं, असा त्यांचा प्रश्न होता. मुलगा मोठ्या पेचांत पडला होता. पुस्तकांत एक वाचलें, वडील सांगतात दुसरें. खरें कोणाचें मानावें? रजा आम्हीं तेथल्या तेथें दिली. परंतु प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर कपाटांतून एक जाड पुस्तक खालीं काढावें लागलें. त्या पुस्तकाच्या कर्त्याचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. अर्जांतील त्या दोन शब्दांचा निकाल ओघानें पुढें येईलच.

ह्या ग्रंथकाराचें नांव हेन्री वॉट्सन फाउलर. राजे, सेनापति, समुद्रपर्यटन करणारे धाडसी पुरुष ह्यांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. फाउलर ह्यांच्या आयुष्यांत तसा देखावा फारसा नाहीं. ते एका शाळेंतले शिक्षक. पुढें एका बेटावरील लहानशा घरांत बसून शब्दांचे अर्थ लावीत राहिलेले एक लाजाळू गृहस्थ. तरी इंग्रजी लिहिणाऱ्या असंख्य लोकांच्या टेबलावर त्यांचें पुस्तक आज जवळजवळ शंभर वर्षें टिकून आहे. असें कां व्हावें, ह्याचें कारण त्यांच्या विद्वत्तेइतकेंच त्यांच्या शीलांत आहे असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील केंट परगण्यांत टनब्रिज ह्या गांवीं १० मार्च १८५८ रोजीं झाला. वडील रॉबर्ट फाउलर हे गणिताचे शिक्षक होते. घरांत आठ भावंडें, आणि हेन्री त्यांत सर्वांत वडील. डॉक्टर आर्नोल्ड ह्यांच्यामुळें नांवारूपास आलेल्या रग्बी येथील शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. १८७७ सालीं ते ऑक्सफर्ड येथील बेलियल कॉलेजांत दाखल झाले. दोनच वर्षांनीं, १८७९ त, वडील वारले. विद्यापीठाच्या परीक्षांत हेन्री ह्यांना दुसरा वर्ग मिळाला. पहिला वर्ग मिळाला नाहीं म्हणून ज्या मुलांच्या घरीं दोन दोन दिवस चूल थंड असते, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्याच्या निर्णयाकडे पुढें मोठमोठे लेखक व मुत्सद्दी पाहूं लागले, तो परीक्षेंत दुसऱ्या वर्गाचा विद्यार्थी होता.

ऑक्सफर्ड सोडल्यावर त्यांनीं थोडे दिवस एडिंबरो येथील फेटिस कॉलेजांत काम केलें, आणि १८८२ सालीं ते यॉर्कशायरमधील सेडबर ह्या डोंगराळ गांवच्या शाळेंत शिक्षक झाले. तेथें त्यांनीं सतरा वर्षें काढलीं. लॅटिन, ग्रीक व इंग्रजी हे त्यांचे विषय. स्वभाव अबोल, राहणी साधी, शिस्त कडक. पोहण्याचा व बर्फावर घसरत जाण्याच्या खेळाचा त्यांना नाद होता. विद्यार्थ्यांच्या गळ्यांतला ताईत व्हावा असा त्यांचा पिंड नव्हता. परंतु त्यांच्या न्यायबुद्धीविषयीं कोणास शंका नसे. असेच आयुष्य त्या डोंगरांत गेलें असतें, तर सेडबरच्या जुन्या विद्यार्थ्यांपलीकडे त्यांचें नांव आज कोणास ठाऊक नसतें. परंतु एका प्रश्नावरून त्यांची ती शाळा सुटली.

तो प्रश्न असा. त्या शाळेंत वसतिगृहावर एकेक शिक्षक प्रमुख असे, आणि वसतिगृहांतील मुलांची दृढीकरणाच्या विधीसाठीं तयारी करून घेणें हें त्या प्रमुखाच्या कर्तव्यांपैकीं एक होतें. बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाच्या वतीनें जीं वचनें दिलीं जातात, तीं मुलानें जाणतें झाल्यावर आपल्या मुखानें पत्करावयाचीं, ह्या विधीस दृढीकरण म्हणतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस माहीत आहेच. मुख्याध्यापक हार्ट ह्यांनीं फाउलर ह्यांना वसतिगृहाचें प्रमुखपद देऊं केलें. पद मानाचें होतें व पगाराच्या दृष्टीनेंहि चांगलें होतें. परंतु फाउलर ह्यांची ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर श्रद्धा नव्हती. जें आपल्याला खरें वाटत नाहीं तें आपण मुलांना शिकवूं शकत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मुख्याध्यापक आपल्या बाजूनें प्रामाणिक होते. शाळेचा नियम त्यांना मोडतां येईना. कोणीहि कोणावर चिखलफेक केली नाहीं. १८९९ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, फाउलर ह्यांनीं नोकरी सोडली.

ह्या ठिकाणीं आम्हांस थोडें थांबलें पाहिजे. ज्या श्रद्धेंत आम्ही वाढलों व जिच्या आधारावर ह्या शाळेची इमारत उभी आहे, ती श्रद्धा ह्या गृहस्थाच्या वांट्यास आली नाहीं, ह्याचें आम्हांस दुःख आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्याहून मोठें दुःख कोणतें असतें, तर पगारासाठीं व मानासाठीं त्यांनीं मनांत नसलेले शब्द ओठांवर आणले असते आणि कोंवळ्या मुलांकडून ते वदवून घेतले असते, हें! श्रद्धेच्या शब्दांना किंमत आहे असें ज्याला वाटतें, तोच ते खोटे उच्चारण्यास कचरतो. पुढील आयुष्यांत ह्या मनुष्यानें सैल, पोकळ व उसन्या शब्दांचा इतका तिटकारा कां केला, ह्याचें बीज आम्हांस ह्या एका नकारांत दिसतें.

नोकरी गेल्यावर ते लंडनमध्यें चेल्सी भागांत राहूं लागले. वडिलांकडून आलेलें थोडेंसें उत्पन्न होतें; त्यांत भर म्हणून ते वर्तमानपत्रांतून निबंध लिहीत. ह्या लेखनानें त्यांना पैसा फारसा मिळाला नाहीं व कीर्तीहि मिळाली नाहीं. १९०३ सालीं ते ग्वेर्न्सी ह्या बेटावर गेले. तेथें त्यांचे धाकटे बंधु फ्रँक टोमॅटोची शेती करीत असत. फ्रँक हे केंब्रिजचे पदवीधर व तीक्ष्ण बुद्धीचे होते. दोघा भावांच्या वयांत बारा वर्षांचें अंतर. पण मैत्री अशी कीं, एकाचें वाक्य दुसऱ्यानें पुरें करावें. दगडी बांधणीचीं दोन लहान घरें जवळजवळ होतीं. दोघे आपापल्या घरीं लिहीत आणि लिहिलेलें एकमेकांना दाखवीत. पहिल्यानें त्यांनीं लूशन ह्या प्राचीन ग्रीक लेखकाच्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें चार भागांत १९०५ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें प्रसिद्ध केलें.

पुढच्याच वर्षीं, १९०६ त, दोघांच्या नांवानें 'द किंग्ज इंग्लिश' हें पुस्तक निघालें. तोंपर्यंत व्याकरणाचीं पुस्तकें बहुधा नियम सांगत व नियमासाठीं उदाहरणें बनवीत. ह्या बंधूंनीं उलट रीत धरली. त्यांनीं वर्तमानपत्रें व नामांकित लेखकांचीं पुस्तकें चाळून छापून आलेलीं वाक्यें गोळा केलीं आणि तीं कोठें बिघडलीं आहेत तें एकेक करून दाखविलें. 'टाइम्स' पत्रासहि त्यांनीं सोडलें नाहीं. आरंभींच त्यांनीं पांच सोपीं सूत्रें सांगितलीं आहेत. दूरच्या शब्दापेक्षां ओळखीचा शब्द घ्यावा. अमूर्त शब्दापेक्षां डोळ्यांपुढें वस्तु उभी करणारा घ्यावा. लांबलचक फेऱ्यापेक्षां एकच शब्द बरा. मोठ्यापेक्षां आंखूड बरा. आणि लॅटिन कुळांतल्या शब्दापेक्षां मूळचा इंग्रजी शब्द बरा. शेवटच्या सूत्राला त्यांनीं सर्वांत कमी महत्त्व दिलें होतें. संस्कृत शब्दांची माळ ओंवून मराठी निबंध सजविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या सूत्रांवर आपल्या भाषेपुरताहि विचार करून पाहावा.

लेखांतील आणखी एका व्यसनास त्यांनीं कायमचें नांव मिळवून दिलें. तें व्यसन म्हणजे, एक शब्द पुन्हां येऊं नये म्हणून दर वाक्यांत नवें नांव शोधणें. आमच्या वर्गांत गाईवर निबंध लिहावयास सांगितला कीं, पहिल्या वाक्यांत गाय असते, दुसऱ्यांत ती धेनु होते, तिसऱ्यांत चतुष्पाद जनावर, आणि चवथ्यांत गोमाता. वाचणाऱ्यास वाटावें कीं गोठ्यांत चार निरनिराळीं जनावरें उभीं आहेत! फाउलर ह्यांचें सांगणें असें कीं, गाय पुन्हां आली तर तिला पुन्हां गायच म्हणावें. शब्द बदलला कीं अर्थहि बदलला असें वाचक धरून चालतो.

१९०८ सालच्या १० मार्चला, म्हणजे आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, फाउलर ह्यांनीं जेसी विल्स ह्या परिचारिका बाईंशीं विवाह केला. ते मितभाषी, त्या हसऱ्या व बोलक्या. परंतु संसार अत्यंत सुखाचा झाला. ह्याच सुमारास ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशावरून एक सुटसुटीत कोश करण्याचें काम दोघा भावांनीं हातीं घेतलें. तो मोठा कोश १८८४ पासून भागाभागांनीं निघत होता आणि १९२८ पर्यंत पुरा झाला नव्हता. त्यामुळें शेवटच्या अक्षरांसाठीं ह्या दोघांना तयार आधार असा नव्हता. तें काम त्यांनीं स्वतः रेटलें. 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' ह्या नांवानें तो कोश १९११ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या देशांतील कित्येक शाळांच्या कपाटांतून तो तेव्हांपासून आहे; पानें उलटून उलटून त्याच्या कडा काळ्या झालेल्या आम्हीं पाहिल्या आहेत.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. फाउलर तरुणांना सैन्यांत भरती होण्याचा उपदेश करीत फिरूं लागले. परंतु जो धोका आपण पत्करीत नाहीं तो दुसऱ्यास पत्करावयास सांगणें त्यांच्या मनास टोंचूं लागलें. १९१५ सालीं ते स्वतः शिपाई म्हणून भरती झाले. वय सत्तावन, पण त्यांनीं चव्वेचाळीस सांगितलें. सत्यासाठीं नोकरी सोडणाऱ्या मनुष्यानें येथें खोटें वय सांगितलें, हें मुलांपासून लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. खोटें तें खोटेंच. इतकेंच म्हणतां येईल कीं, लोक संकटांतून सुटण्यासाठीं जें करतात तें त्यांनीं संकटांत शिरण्यासाठीं केलें. फ्रँकहि त्यांच्याबरोबर गेले. फ्रान्समध्यें गेल्यावर वयस्क म्हणून त्यांना आघाडीवर न ठेवतां भांडीं घासण्याच्या व कोळसा वाहण्याच्या कामास लावलें गेलें. ह्यासाठीं आम्ही आलों नव्हतों, लढावयास तरी पाठवा नाहींतर मोकळें करा, असा अर्ज त्यांनीं वरिष्ठांकडे केला. पुढें हेन्री ह्यांची प्रकृति ढांसळली व १९१६ सालीं ते परत आले. फ्रँक ह्यांना सैन्यांत असतांनाच क्षयानें गांठलें, आणि १९१८ सालीं, पन्नाशीहि न गांठतां, ते मरण पावले.

युद्धापूर्वींच, १९११ च्या सुमारास, दोघांनीं मिळून एका नव्या पुस्तकाची आंखणी केली होती. शब्दांचे व वाक्प्रचारांचे बरेवाईट उपयोग वर्णानुक्रमानें सांगणारा तो ग्रंथ व्हावयाचा होता. आतां तें ओझें एकट्या हेन्री ह्यांच्या खांद्यावर आलें. भावानें आरंभिलेला खिशांत मावेल असा लहान कोश त्यांनीं आधीं पुरा केला. तो १९२४ सालीं निघाला. नंतर १९२६ सालीं 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' हा त्यांचा मुख्य ग्रंथ बाहेर पडला. तो त्यांनीं फ्रँकच्या स्मृतीस अर्पण केला आहे. भावाची बुद्धि आपल्याहून चपळ होती, प्रमाणाची जाण अधिक होती व मन अधिक मोकळें होतें. तो असता तर पुस्तक अधिक चांगलें झालें असतें, अशा आशयाचे शब्द त्या अर्पणपत्रिकेंत आहेत. जगानें ज्याला ह्या विषयांत प्रमाण मानलें, त्यानें पहिल्याच पानावर आपल्यापेक्षां धाकट्या भावाची योग्यता मोठी म्हणून सांगावी, ही गोष्ट भावंडांनीं एकदां तरी एकत्र बसून वाचण्यासारखी आहे.

आतां अर्जाकडे वळूं. आम्हीं कपाटांतून काढलेलें पुस्तक हेंच. 'सर्कमस्टन्स' ह्या शब्दाखालीं फाउलर ह्यांनीं नेमक्या त्याच आक्षेपाचा विचार केला आहे. भोंवतालच्या गोष्टी डोक्यावर नसतात म्हणून 'अंडर' चूक, हा युक्तिवाद त्यांनीं पोरकट ठरविला आहे. हा प्रयोग तर्काला सोडून नाहीं, आणि नवाहि नाहीं; सतराव्या शतकापासून तो चालत आला आहे. इतकेंच नव्हे, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें दोहोंमधील भेदहि दाखविला आहे. नुसती स्थिति सांगावयाची असेल तर 'इन'. परंतु त्या स्थितीमुळें एखादी गोष्ट करणें भाग पडलें असेल तर 'अंडर'. आमच्या विद्यार्थ्याला आईच्या आजारामुळें घरीं राहणें भाग होतें. म्हणून त्याचा 'अंडर' नुसता चालण्यासारखा नव्हता, तर अधिक नेमका होता. आपल्या मराठींतहि मनुष्य कर्जाखालीं दबतो व कामाच्या ओझ्याखालीं वाकतो. त्याच्या डोक्यावर कर्ज किती उंचीवर टांगलें आहे हें मोजावयास कोणी जात नाहीं.

वाक्प्रचार म्हणजे शब्दांची बेरीज नव्हे, हीच ह्यांतली मुख्य गोष्ट. डोळा लागला म्हणजे झोंप आली. डोळे लागले म्हणजे कोणाची तरी वाट पाहणें चाललें. एकाचे दोन डोळे झाले कीं झोंपेची जागा जाग घेते! हें कोणत्या तर्कानें झालें? तर्कानें नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यानें झालें. परक्या भाषेंतल्या वाक्प्रचाराचे तुकडे करून त्यांतील एकेक तुकडा सुधारूं पाहणारा मनुष्य, डोळे लागणें ह्याचा अर्थ दुप्पट झोंप असा करणाऱ्यासारखाच फसतो.

पण ह्यावरून असें कोणी समजूं नये कीं, चार लोक बोलतात तें सारें बरोबर असें फाउलर म्हणत. वाक्प्रचाराचा मूळ अर्थ हरवून तो भलत्याच ठिकाणीं वापरला जातो, तेथें ते तितकेच कठोर आहेत. 'लीडिंग क्वेश्चन' म्हणजे अडचणींत टाकणारा प्रश्न, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि हें पुस्तक हातीं येईपर्यंत ती आमचीहि होती. वस्तुतः ज्या प्रश्नांतच हवें तें उत्तर सुचविलेलें असतें, तो हा प्रश्न. वकिलानें आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न घालूं नये म्हणून कायदा त्याला हरकत घेतो. अडचणींत टाकणें दूरच, तो उत्तर देणाऱ्याचा हात धरून त्याला नेतो. तसेंच 'दि एक्सेप्शन प्रूव्हज द रूल' ह्या वचनाचें. आपला नियम चुकला असें कोणी दाखवून दिलें कीं, अपवादानें नियम सिद्ध होतो असें म्हणून लोक हात झटकतात. अपवादानें नियम सिद्ध होत असता तर दहा अपवादांनीं तो दसपट सिद्ध झाला असता! खरा अर्थ कायद्यांतला आहे. आज वाचनालय रात्रीं नऊपर्यंत उघडें राहील, अशी पाटी लागली, तर इतर दिवशीं तें त्याआधीं बंद होतें हें न लिहितां कळतें. अपवाद मुद्दाम सांगितला, म्हणून नियम आहे हें सिद्ध झालें. इतका साधा हा अर्थ; पण तो न जाणतां हें वचन किती वादविवादांच्या सभांत ढालीसारखें पुढें केलें जातें!

व्याकरणांतील भुतांनाहि फाउलर भ्याले नाहींत. 'टु' आणि क्रियापद ह्यांच्यामध्यें दुसरा शब्द घालूं नये, असा नियम शाळांतून घोकविला जात असे. ह्या बाबतींत त्यांनीं इंग्रजी बोलणाऱ्यांचे पांच वर्ग कल्पिले आहेत: ज्यांना हा प्रश्न ठाऊकहि नाहीं व ज्यांना त्याची पर्वाहि नाहीं ते, ठाऊक नसून उगाच धास्ती बाळगणारे, जाणून निषेध करणारे, जाणून मान्य करणारे, आणि जाणून विवेक करणारे. हा शेवटचा वर्ग त्यांचा. शब्द मध्यें घालूं नये तें बरें; पण त्यामुळें अर्थ संदिग्ध होत असेल किंवा वाक्य ओढूनताणून केल्यासारखें दिसत असेल, तर तो खुशाल घालावा. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये, ह्या समजुतीलाहि त्यांनीं अंधश्रद्धाच म्हटलें.

त्यांचें सारेंच म्हणणें लोकांनीं मान्य केलें असें नाहीं. धातुसाधितांच्या एका प्रयोगावर त्यांनीं इतका कडक हल्ला केला कीं, डेन्मार्कचे थोर भाषापंडित येस्पर्सन ह्यांनीं त्यांच्याविरुद्ध लेख लिहिला, आणि पुढील पिढीनें बहुधा येस्पर्सन ह्यांचाच पक्ष घेतला. त्यांचे कांहीं निर्णय आतां जुने झाले आहेत. रूढीचा न्यायाधीश कितीहि मोठा असो, रूढि त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

१९२५ सालीं फाउलर पतिपत्नी ग्वेर्न्सी सोडून सॉमरसेट परगण्यांतील हिंटन सेंट जॉर्ज ह्या खेड्यांत राहावयास आलीं होतीं. अडुसष्टाव्या वर्षीं त्यांना कामांत मदत व्हावी म्हणून प्रकाशकांनीं एका नोकराचा पगार देऊं केला. फाउलर ह्यांनीं तो आभारपूर्वक नाकारला. सकाळीं धांवण्यास जाणें, शेजारच्या तळ्यांत पोहणें आणि घरचीं कामें करणें हा आपला नित्यक्रम आहे. नोकर आला तर आपण बैठे होऊं व लवकर मरूं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १९३० सालीं पत्नी निवर्तल्या. तिच्यासाठीं वेळोवेळीं केलेल्या कविता त्यांनीं पुढच्या वर्षीं पुस्तकरूपानें छापल्या. शब्दांवर इतका पहारा ठेवणाऱ्या मनुष्याच्या अंतःकरणांत काय होतें, तें त्यांवरून दिसतें. दुसऱ्या एका कोशाचें काम चालू असतांनाच २६ डिसेंबर १९३३ रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

१९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी चालू होती. त्या गर्दींतहि, लष्करी कागदांत 'इंटेन्स' ह्या शब्दाच्या जागीं 'इंटेन्सिव्ह' पडलेला पाहून पंतप्रधान चर्चिल ह्यांनीं एका बड्या अधिकाऱ्याला फाउलरचें पुस्तक वाचण्याची सूचना केली. त्या ग्रंथाच्या सुधारलेल्या आवृत्त्या १९६५, १९९६ व २०१५ सालीं निघाल्या. संपादक बदलले, निर्णय बदलले, परंतु फाउलर हें नांव कायम राहिलें. ज्याला वसतिगृहांतल्या मोजक्या मुलांची जबाबदारी घेतां आली नाहीं, तो न पाहिलेल्या लाखों विद्यार्थ्यांचा शिक्षक झाला.

आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी परकी आहे, आणि परकी भाषा लिहितांना भपकेदार वाक्प्रचारांचा मोह अधिक होतो. त्यांना आमचें सांगणें थोडें आहे. वाक्प्रचार वापरावयाचा तर तो सबंध शिकावा, आणि कोशांत सबंध पाहावा. त्याचा अर्थ आपल्याला आपल्या भाषेंत सांगतां येत नसेल तोंपर्यंत तो लेखणींत घेऊं नये. कोणी चूक म्हटलें तर रागावूं नये, आणि एकदम मानूंहि नये, आधार विचारावा. जें मनांत नाहीं तें उच्चारणें आणि ज्याचा अर्थ ठाऊक नाहीं तें लिहिणें, ह्या दोन गोष्टी दिसतात तितक्या दूरच्या नाहींत.

तो अर्ज दिल्यानंतर तिसऱ्या दिवशीं मुलगा परत आला, आणि त्याच्याबरोबर वडीलहि आले. आईला उतार पडला होता. आम्हीं पुस्तकाचें तें पान उघडून त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांनीं तें उभ्या उभ्या दोनदां वाचलें, खिशांतून लेखणी काढली, आणि अर्जावरील आपला 'इन' खोडून मुलाचा 'अंडर' पुन्हां स्वच्छ अक्षरांत लिहिला. मग मुलाकडे पाहून, तुझें बरोबर होतें, इतकेंच ते म्हणाले. त्या मुलाच्या तोंडावर त्या वेळीं जो आनंद आम्हीं पाहिला, तो परीक्षेच्या निकालाच्या दिवशींहि क्वचितच दिसतो. तो अर्ज आम्हीं जपून ठेवला आहे. चूक समजतांच ती आपल्या हातानें दुरुस्त करणारे पालक ज्या मुलांना लाभतात, त्यांना भाषा शिकवणें शिक्षकाला फारसें जड जात नाहीं.